मेणाचा ठोकळा, कुशिंगची वही आणि दादाची फाइल

सांजवात | ४ मे, २२:४०

नमस्कार मंडळी. हा धागा काढावा की नको, असं पंधरा दिवस मनात चाललं होतं. आज काढतेच.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, २०१४ साली ऑफिसात फिट आली. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला कपाळामागे गाठ दिसली. ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे लाइट (रेडिएशन) घेतले. रिपोर्टवर लिहिलं होतं, 'ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड २'. हा शब्द मी इतक्या वेळा वाचला की झोपेतही स्पेलिंग सांगेन. त्यानंतर अकरा वर्षं दादा ठणठणीत. गाडी सोडली तर काही बंद नाही. या मार्चमध्ये मात्र एमआरआयमध्ये जुन्या जागेच्या कडेला थोडी वाढ दिसली. नव्या डॉक्टरांनी फाइल चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "तेव्हाचा ब्लॉक आहे का तुमच्याकडे?"

ब्लॉक आईच्या कपाटात निघाला. एलआयसीच्या पॉलिस्यांखाली, खाकी पाकिटात. आगपेटीपेक्षा लहान प्लास्टिकची जाळी, तिच्यावर पांढऱ्या मेणाची वडी, आणि मेणात हरभऱ्याच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका. दादाच्या डोक्यातून काढलेल्या गाठीचा तुकडा. आई अकरा वर्षं दर दिवाळीला ते पाकीट उचलून, खालचा कागद बदलून परत ठेवत होती. आत काय आहे ते तिने कधी उघडून पाहिलं नाही.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मेंदूच्या गाठींच्या इतिहासाबद्दल वाचत बसले आणि हार्वे कुशिंग भेटला. अमेरिकन न्यूरोसर्जन, जन्म १८६९, मृत्यू १९३९. बॉल्टिमोर, मग बॉस्टन, शेवटी येल. त्याच्या उमेदीच्या काळात युरोपातल्या नावाजलेल्या सर्जनांकडेही मेंदूच्या गाठीचे जवळजवळ निम्मे पेशंट ऑपरेशनमध्ये दगावत. त्याने ते प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आणलं. १९३१ साली त्याने दोन हजारावी गाठ काढली, आणि यातली प्रत्येक गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नोंदवलेली.

त्याचा हात फार हळुवार होता म्हणतात, पण मला भावली ती त्याची वही. विद्यार्थी असताना त्याने ईथर देताना एक पेशंट टेबलावरच गेला. तो हादरला, वैद्यकी सोडायच्या विचारात होता. मग कॉडमन नावाच्या मित्राबरोबर त्याने ऑपरेशन चालू असताना नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. आज प्रत्येक ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याची ही सुरुवात. पुढे प्रत्येक पेशंटचं चित्र, फोटो, गाठीचा तुकडा, वर्षानुवर्षांची पत्रं, सगळं त्याने जपलं. पेशंट गेला तरी नोंद बंद होत नसे, का गेला हे शोधून लिहिलं जाई.

तर प्रश्न असा: अकरा वर्षं कपाटात पडलेल्या ठोकळ्यातून आता काही कळेल का? आणि तुमच्यापैकी कोणी असं काही जपून ठेवलं आहे का?

निवांत | ४ मे, २२:५८

वाचनखूण साठवली. दादांना मनापासून शुभेच्छा.

काचपट्टी | ४ मे, २३:३१

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून ठामपणे सांगते: कळेल. नीट बनवलेला ब्लॉक वीस-तीस वर्षंसुद्धा टिकतो. फॉर्मॅलिनमध्ये पेशी जशाच्या तशा थांबतात आणि मेण त्यांना धरून ठेवतं. तुमच्या आईंनी नकळत फार चांगलं काम केलं आहे.

एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. मे महिना आहे. ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बंद गाडीत ठेवू नका. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान होऊ शकतं. कुरियरने पाठवू नका, हाताने न्या, आणि दिल्याची पोच घ्या.

आता त्या नावाबद्दल. 'ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा' म्हणजे दोन प्रकारच्या पेशींची मिसळ दिसते आहे, असा तेव्हाचा अर्थ. एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांची मतं वेगळी पडत. पुढे लक्षात आलं की जनुकं तपासली की यातल्या जवळपास सगळ्या गाठी एका बाजूला तरी जातात किंवा दुसऱ्या. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने या निदानापासून दूर राहायला सांगितलं आणि २०२१ मध्ये ते नाव यादीतून गेलं. दोन गोष्टी तपासायला सांगा: आयडीएच या जनुकातला बदल, आणि एक व एकोणीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे ठराविक तुकडे गळाले आहेत का. उपचार त्यावर ठरतात.

कोकणकडा | ५ मे, ०८:१२

ताई, आधी दादांना शुभेच्छा. मग थोडा विरोध नोंदवतो.

कुशिंगला देव्हाऱ्यात बसवायची घाई नको. ग्लिओमाचं, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींचं, वर्गीकरण १९२६ साली बेली आणि कुशिंग यांच्या नावाने आलं, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता पर्सिव्हल बेली. काहाल आणि रिओ ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञांच्या सोन्याचांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायच्या पद्धती त्याने आत्मसात केल्या, म्हणून पेशींचे प्रकार वेगळे दिसले. आणि तुम्हाला भावलेली वही? ती लुईस आयझेनहार्टच्या हातची. १९१५ साली ती कुशिंगकडे लिखाणाच्या कामाला लागली, मग स्वतः डॉक्टर झाली, मेंदूच्या गाठींची पॅथॉलॉजिस्ट झाली. गाठींची नोंदवही तीच ठेवायची. १९३८ चा मेनिंजिओमावरचा (मेंदूच्या आवरणातल्या गाठींवरचा) ग्रंथ दोघांच्या नावावर आहे आणि १९४४ मध्ये 'जर्नल ऑफ न्यूरोसर्जरी' निघालं तेव्हा पहिली संपादक तीच. पण नाव घेतलं जातं ते सर्जनचं.

दुसरं, माणूस म्हणून तो कठोर होता. १९२६ च्या जूनमध्ये त्याचा मुलगा मोटार अपघातात गेला. सकाळी बातमी आली, त्याने बायकोला कळवलं आणि ठरलेलं ऑपरेशन करायला गेला. मला हे पचत नाही.

ताकपोळी | ५ मे, ०९:०५

@कोकणकडा, अहो, टेबलावर कवटी उघडायला तयार ठेवलेला पेशंट असेल तर त्याच्याही घरी कोणीतरी वाट बघत असेल ना? त्या दिवशी त्याच्या मनाचं काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक. आयझेनहार्टबाईंबद्दल मात्र शंभर टक्के पटलं. घरातही हिशेबाची वही बाईच ठेवते आणि नाव लागतं कर्त्याचं.

सोल्डरगन | ५ मे, १३:२०

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, माझ्या कोपऱ्यातलं सांगतो. मेंदूच्या ऑपरेशनचा मोठा शत्रू रक्तस्राव. कापलेली रक्तवाहिनी हाताने बांधायला जागाच नाही. कुशिंगने १९११ मध्ये चांदीच्या बारीक तारेच्या क्लिपा करून रक्तवाहिन्या चिमटीत पकडल्या. तरी काही गाठी इतक्या रक्ताळ की हात लावला की थांबावं लागे.

मग विल्यम बोव्ही हा भौतिकीवाला भेटला. त्याने जास्त वारंवारतेच्या विजेने ऊतक कापायचं आणि रक्त थांबवायचं यंत्र केलं होतं. एका पेशंटच्या डोक्यावरची गाठ कुशिंगला रक्तस्रावामुळे अर्ध्यात सोडावी लागली होती. काही दिवसांनी, १ ऑक्टोबर १९२६ ला, त्याच पेशंटला परत टेबलावर घेतलं, या वेळी बोव्हीचं यंत्र शेजारी. गाठ निघाली. तेव्हा कुशिंग सत्तावन्न वर्षांचा. त्यानंतर पूर्वी हात टेकलेल्या कितीतरी पेशंटांना त्याने परत बोलावलं. सत्तावन्नाव्या वर्षी स्वतःची पद्धत मोडून नवीन शिकणं, याला माझा सलाम.

आजही ओटीत त्या यंत्राला 'बोव्ही'च म्हणतात.

गवतीचहा | ५ मे, १३:४४

अवांतर: मोबाइल कानाला लावल्याने गाठ होते हे खरं का? आमच्या सासूबाई फोन स्पीकरवर टाकून वीतभर लांब धरतात. सगळ्या बिल्डिंगला आमच्या घरची भांडणं पाठ आहेत.

काचपट्टी | ५ मे, १५:१०

@गवतीचहा, २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, म्हणजे पुरावा अपुरा पण शंका ठेवू. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध दिसला नाही. सासूबाईंना फोन कानाला लावू द्या, बिल्डिंगचं मनोरंजन थांबेल इतकंच.

निवांत | ५ मे, १५:१२

बिल्डिंगचा याला तीव्र विरोध राहील.

संत्राबर्फी | ५ मे, २३:५०

बाबांना २०१९ मध्ये ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे ग्लिओमाचा सगळ्यात आक्रमक प्रकार, निघाला. नागपूर. ऑपरेशन, लाइट, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. ज्या उपचाराला सगळे स्टुप पद्धत म्हणतात तीच. २००५ च्या त्या अभ्यासात नुसते लाइट घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) १२.१ महिने आणि गोळ्यांसह १४.६ महिने. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडलो, एवढ्या सगळ्या त्रासाला अडीच महिने? मग दुसरा आकडा दिसला. दोन वर्षांनी हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर. म्हणजे काही लोकांना हे औषध खूपच जास्त लागू पडलं होतं. बाबा त्यात असतील अशी आशा धरून बसलो.

बाबा सोळा महिने जगले. त्यातले अकरा चांगले. नातवाला सायकल शिकवली त्यांनी.

नंतर एका डॉक्टर मित्राने विचारलं की एमजीएमटीची तपासणी झाली होती का. नव्हती. ब्लॉक मागायला गेलो तर दवाखान्यात उत्तर मिळालं की सापडत नाही, रेकॉर्ड रूम हलवली तेव्हा काही पेट्या गेल्या. तीन चकरा मारल्या. शेवटच्या वेळी तिथल्या एका कारकुनाने मला बसवून चहा पाजला आणि म्हणाला, साहेब, आता येऊ नका. बाबांना त्याने काही फरक पडणार नव्हता हे मलाही कळत होतं. पण बाबांच्या आजाराची जी एक गोष्ट राहिली होती, ती हरवली. सांजवात, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

काचपट्टी | ६ मे, ००:२५

@संत्राबर्फी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. एमजीएमटी हे पेशीचं दुरुस्तीचं जनुक. टेमोझोलोमाइड गाठीच्या डीएनएवर घाव घालतं आणि हे जनुक चालू असेल तर पेशी तो घाव भरून काढते. ज्यांच्या गाठीत ते बंद पडलेलं असतं त्यांना गोळ्या जास्त लागू पडतात. पण ती तपासणी नसतानाही बाबांना जो उपचार द्यायचा तोच दिला गेला, त्यात तुम्ही कुठेही कमी पडला नाहीत.

ताकपोळी | ६ मे, १०:१८

आमच्या वन्संचं सांगते, थोडं लांबेल.

वन्संना डाव्या बाजूला गाठ, बोलण्याच्या जागेला खेटून. डॉक्टर म्हणाले, जागेपणी ऑपरेशन करू. ऐकून आमच्याच जिवाचं पाणी झालं, त्या मात्र शांत. आधी चार दिवस एक मॅडम रोज येऊन चित्रं दाखवायच्या आणि नावं विचारायच्या. संच बाहेरच्या देशातला होता. वन्संनी इग्लू कुठे पाहिलंय? त्या म्हणाल्या, "पांढरं वारूळ." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढून आणा. मग सुनेने रात्री स्वयंपाकघर पालथं घातलं. किसणी, चाळणी, उलथणं, पाट, अडकित्ता, ताकाची रवी. पन्नास फोटो.

ऑपरेशनमध्ये कवटी उघडी, वन्सं कुशीवर, समोर टॅबवर आमचं स्वयंपाकघर. सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक करंट लावायचे आणि वन्सं नाव सांगायच्या. किसणी. चाळणी. रवी आली तशा अडखळल्या. "ते... ताक... हे..." हाताने घुसळून दाखवलं, पण शब्द येईना. करंट काढला तशी "रवी!" म्हणाल्या. ती जागा तिथेच सोडली, तिथे चाकू लावला नाही. तेवढी गाठ आत राहिली, पण शब्द राहिले. आता वर्षातून दोनदा एमआरआय असतो. रोज ताक करतात आणि रवी हातात घेतली की मला हाक मारून नाव सांगतात.

कोकणकडा | ६ मे, ११:०२

काकू, तुमच्या प्रतिसादाने माझं मत थोडं हललं. कुशिंगने १९०९ मध्ये जाग्या पेशंटच्या मेंदूवर करंट लावून पाहिल्याची नोंद आहे. स्पर्शाच्या पट्ट्याला करंट दिल्यावर दोन पेशंटांना हातात झिणझिण्या जाणवल्या आणि त्यांनी तसं सांगितलं. पुढे माँट्रियलला पेनफील्ड या न्यूरोसर्जनने हे शास्त्र बांधलं. वन्संच्या रवीपर्यंतची वाट तिथून आली आहे, हे मान्य.

पण मुद्दा सोडत नाही. बहुतेक ग्लिओमा नुसते कापून बरे होत नाहीत. वॉल्टर डॅन्डी या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९२० च्या दशकात ग्लिओमासाठी मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून पाहिला, तरी गाठी परत आल्या. पेशी दूरवर पसरलेल्या असतात. मग सर्जनने संशोधन करून काय साधलं?

परदेशी_चिमणी | ६ मे, १८:३५

@कोकणकडा, मी कनेटिकटमध्ये राहते. येलच्या वैद्यकीय ग्रंथालयाच्या तळघरात कुशिंग सेंटर आहे, तिथे जाऊन आले आहे. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथे आहे.

कुशिंगचा संग्रह दोन हजार दोनशेहून जास्त पेशंटांचा. मेंदू आणि गाठी बरण्यांमध्ये, काचेच्या स्लाइडा, टिपणं, आणि पंधरा हजारांहून जास्त फोटोंच्या निगेटिव्ह. त्याच्या मागे कित्येक वर्षं हे सगळं विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाखालच्या तळघरात धूळ खात पडलं होतं. पोरं रात्री चोरून बघायला जायची आणि तिथल्या एका फळ्यावर सह्या करून यायची. २०१० मध्ये नीट दालन झालं.

मंद उजेड, लाकडी कपाटं, डोक्यावरच्या फळ्यांवर ओळीने बरण्या. मला थांबवलं ते फोटोंनी. एका लहान मुलीचं डोकं भादरलेलं, टाक्यांची नाल उमटलेली, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघते आहे. या माणसांतल्या कित्येकांना कुशिंग वाचवू शकला नाही, तेही त्याने नोंदवलं. कुठल्या गाठीचा पेशंट किती जगतो, हे १९२६ च्या वर्गीकरणात आलं ते यांच्यामुळे. काढून टाकता येणारा मेनिंजिओमा आणि परत येणारा ग्लिओमा यांची पायरी वेगळी, हे डॉक्टर पेशंटला सांगू लागले ते या नोंदींवरून. कापून बरं होत नाही हे तरी कसं कळलं असतं, सर्जनने मोजलंच नसतं तर?

सोल्डरगन | ६ मे, १९:०१

जाता जाता: कुशिंग गेल्यावर त्याच्याही मेंदूची तपासणी झाली. मध्यभागी तिसऱ्या पोकळीत सेंटिमीटरभराची कोलॉइड गाठ (घट्ट द्रवाने भरलेली, कर्करोग नसलेली पिशवी) होती. त्याला आयुष्यभर पत्ता नव्हता.

गवतीचहा | ६ मे, १९:०८

अंगावर काटा आला.

सांजवात | ११ मे, २१:३०

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. संत्राबर्फी, तुमचा नमस्कार पोचला. तिने खूप वेळ काही बोललं नाही, मग म्हणाली, त्यांना सांग नातू अजून सायकल चालवतो का ते कळव.

शुक्रवारी डेक्कन क्वीनने ब्लॉक मुंबईला नेला. डबीत कापूस, डबी थर्मासच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. शेजारच्या काकांनी विचारलं, डब्यात काय आहे? मी म्हणाले, भावाचं आहे. ते बिचारे लाडू समजले. पोच घेतली आहे. तीन आठवडे लागतील.

@काचपट्टी, ते नवीन औषध व्होरासिडेनिब दादाला चालेल का?

काचपट्टी | ११ मे, २२:१५

ज्या अभ्यासावरून त्याला अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली, त्यात फक्त ऑपरेशन झालेले, लाइट किंवा केमो न घेतलेले पेशंट होते. दादांचे लाइट झाले आहेत, म्हणून तो अभ्यास त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. डॉक्टरांना जरूर विचारा, पण आधी रिपोर्ट येऊ द्या.

संत्राबर्फी | १२ मे, ०७:४०

आईंना सांगा, चालवतो. आता गिअरची पाहिजे म्हणतो.

सांजवात | ७ जून, २०:०५

धागा वर आणते आहे.

रिपोर्ट आला. आयडीएचमध्ये बदल आहे आणि एक व एकोणीसचे दोन्ही तुकडे गळालेले आहेत. म्हणजे मिसळ वगैरे काही नाही, ती गाठ ऑलिगोडेंड्रोग्लिओमाच होती. डॉक्टर म्हणाले, ग्लिओमामधला हा सावकाश चालणारा आणि औषधाला दाद देणारा प्रकार. त्यांनी एक जुना अमेरिकन अभ्यासही समजावला: याच जातीच्या ग्रेड ३ गाठींत नुसत्या लाइटवर मध्यक आयुष्य ७.३ वर्षं, आणि लाइटबरोबर तीन औषधांची केमो दिलेल्यांचं १४.७ वर्षं. दादाची केस वेगळी, परत वाढलेली, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आकडा त्याच्या नावावर लावायचा नाही. पण केमोचं पारडं जड झालं ते या रिपोर्टमुळे. पुढच्या सोमवारपासून सुरू.

दादाला मी विचारलं, घाबरला आहेस का? तो म्हणाला, अकरा वर्षं चुकीच्या नावाच्या माणसाबरोबर राहत होतो, आता ओळख तरी झाली. त्याने दोनशे पानी वही आणली आहे. रक्ताचे आकडे, गोळ्यांच्या वेळा, जेवण गेलं का, सगळ्याचे रकाने आखलेत. पट्टीने.

काचपट्टी | ७ जून, २०:३८

फार बरं वाटलं. ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हे नाव आणि वर्णन प्रथम आलं ते बेली आणि कुशिंग यांच्या १९२६ च्या ग्रंथात. तेव्हा सोन्याचांदीच्या रंगांत ओळखलेली गाठ आज गुणसूत्रांवरून पक्की झाली. ब्लॉक परत मागून घ्या, पुढे लागेल.

कोकणकडा | ७ जून, २०:५०

ताई, मी माझा आधीचा शेवटचा प्रश्न मागे घेतो. आयझेनहार्टबाईंचा मुद्दा मात्र कायम.

सांजवात | ७ जून, २१:२२

@कोकणकडा, तो मुद्दा आईने आधीच मान्य केलाय.

ब्लॉक परत आला. काप काढल्यामुळे मेण थोडं बारीक झालंय, ठिपका अजून आहे. आईने या वेळी पाकीट उघडून पाहिलं, उजेडात धरून. मग त्यावर दादाचं नाव आणि तारीख लिहिली आणि पॉलिस्यांच्या वर ठेवलं. पुढचा एमआरआय सप्टेंबरात आहे, तेव्हा कळवते.